जयवंतीची थाळी आणि समोरचा वारा

जयवंती,

बोईसरला कारखान्यात काही फुटलं की आवाज आमच्या केळव्यापर्यंत येतोच असं नाही, पण फोन येतात. आणि इथल्या माणसांना आता अशी सवय झालीय की पहिला प्रश्न 'कोण' हा नसतो, 'कुठे' हा असतो. कुठल्या गल्लीत, कुठल्या गेटला, शेडमध्ये की बाहेर. त्या दुपारी तुझ्या प्राचीचा फोन आला. "मावशी, आई गेली," एवढंच ती बोलली, आणि मी मूर्खासारखं विचारलं, "कुठे होती ती?" पोरगी हुंदके देत म्हणाली, "स्टँडवर. गाड्या लावतात तिथं. तिची सुट्टी झालेली, रिक्षाची वाट बघत व्हती." त्या क्षणी मला ठाऊक नव्हतं की पुढचे सगळे दिवस हाच एक प्रश्न घेऊन मला फिरायचंय.

मागच्या बाजूच्या शेडबाहेर उन्हात ठेवलेला एक ड्रम फुगला आणि फुटला. आग लगेच विझवली. बाकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. ड्रमचं झाकण तेवढं उडालं, पत्र्याचं, गोल, आपल्याकडच्या लग्नातल्या परातीएवढं. शेडच्या छपरावरून ते आलं आणि तुझ्या मानेत बसलं. लोकांनी तुला उचलून टेम्पोत घातलं, दवाखान्यात नेलं, आणि पंचनाम्याची माणसं येईपर्यंत कंपनीने सगळं भंगार एका ढिगात गोळा करून जागा पाण्याने धुऊन काढली होती. तू कुठे पडलीस, झाकण कुठे पडलं, हे दाखवायला जमिनीवर काही उरलं नाही.

मग कंपनीचा कागद आला. त्यात लिहिलं होतं की मयत कामगार परवानगी नसताना ड्रमच्या शेडजवळ गेल्या असाव्यात. पॅकिंगमधल्या बायकांना तिकडे जायची मनाई आहे हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, तुझ्या अख्ख्या पाड्याला माहीत होतं, कारण तूच येता-जाता नव्या पोरींना दटावायचीस. पण कागदावर तू तिकडे गेलीस. म्हणजे तू तुझ्याच चुकीने मेलीस.

तुला उचलणाऱ्यांपैकी एक जण मला गेटबाहेर भेटला, बिहारकडचा, कंत्राटावरचा. "दीदी तो स्टैंड पे ही बैठी थी, मैंने ही उठाया," असं म्हणाला. मी म्हटलं, चल, साहेबांसमोर सांग. तो म्हणाला, "मैडम, मेरा गेटपास इन्हीं के हाथ में है." मला त्याचा राग आला, आणि तो राग घेऊनच मी तुझ्या घरी गेले. तिथे भाऊजी भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "ताई, लिवू दे त्यांना काय लिवायचं ते. ती काय परत येनार हाय?" प्राची मात्र उठून आत गेली आणि तो कागद घेऊन बाहेर आली. "मावशी, आई तिकडं नाय गेली. असं कसं लिवतात?" तिला बाकी काहीच नको होतं. तेवढी एक ओळ तिला खोडून हवी होती.

आता मला आपल्या दोघींच्या जुन्या गोष्टीकडे यावं लागेल, कारण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

तुला आठवतं ना, शाळेत थाळीफेकीची एकच थाळी होती? लाकडाची, कडेला लोखंडी पट्टी, आणि ती पट्टी एका जागी उचकटलेली, बोट कापणारी. मी गोळाफेकीची. आडवी बांधणी, वाडीतले नारळ उचलून उचलून कमावलेले खांदे. गोळ्यासारखीच मी, सरळ जाणारी आणि धप्पकन पडणारी. तू माकुणसारच्या डोंगराकडच्या पाड्यावरून चालत शाळेत यायचीस, अंगावर मांस नाही, आणि खेळाचे सर म्हणाले, ही थाळी फेकेल. सगळे हसले. मीसुद्धा. मग तू फेकलीस आणि हसणं बंद झालं.

रविवारी आपण केळव्याच्या किनाऱ्यावर जायचो, ओहोटी बघून. सुरूच्या बनाकडे पाठ करून समुद्राकडे फेकायचं, मग तिकडून इकडे. मोजायला आमच्या वाडीतली काथ्याची दोरी. आणि पहिल्याच दिवशी ते भांडण सुरू झालं. दुपारनंतरचा खारा वारा समुद्राकडून अंगावर येतो. तू वाऱ्याच्या तोंडावर फेकलीस की थाळी लांब जायची, आणि वारा पाठीशी घेऊन फेकलीस की अलीकडेच पडायची. मी म्हटलं, समुद्राकडे उतार आहे, म्हणून लांब दिसतं. तू म्हणालीस, "उतार नाय गो, वारा हाय. वारा तिला उचलून धरतो."

मी केवढी हसले होते! मी म्हटलं, अगं, भात उफणताना बघतेस ना? दाणा जड, तो पायाशी पडतो. भुसा हलका, तो वाऱ्याबरोबर जातो. वाऱ्याच्या उलट गेलेला भुसा कधी कुणी पाहिलाय का? माझं बिनतोड होतं. तू जरा विचार केलास आणि म्हणालीस, "भुसा फिरतो काय? थाळी फिरते. फिरते म्हनून आडवी ऱ्हाते, आडवी ऱ्हाते म्हनून वाऱ्यावर बसते. घार बघ ना, वाऱ्याकडं तोंड करून बसते, पंख पन नाय हलवत. पाठ करून बसलेली दिसली तुला कवा?" मी म्हटलं, घार जिवंत आहे. तू म्हणालीस, "तुज्या गोळ्यापेक्षा माजी थाळी जास्त जिवंत हाय." मग मी तुझ्या अंगावर ओली वाळू फेकली. ती वाऱ्याने माझ्याच डोळ्यांत आली आणि तू पोट धरून हसलीस.

मला थाळी कधीच जमली नाही, हे तुझं आवडतं हत्यार होतं. मी समुद्राकडे फेकली की ती वर चढायची, वाऱ्यात उभी राहायची आणि माघारी येऊन जवळच पडायची. मी विजयाने म्हणायचे, बघ, वाऱ्याने परत आणली. तू कपाळाला हात लावायचीस. "तू फेकत नायस, ढकलतेस. शेवटाला तुजा हात गोळ्यासारका वर जातो. मग तिचं नाक वर व्हतं, वारा पोटात शिरतो. नाक खाली ठेव. भाताच्या टोपावर झाकन ठेवतेस तसा हात वरून ठेव, सुटंपर्यंत." मी म्हणायचे, तुझ्या दंडात जोर आहे म्हणून तुझी जाते, उगाच वाऱ्याला श्रेय देऊ नकोस. गंमत अशी की ते तुझा मोठेपणाच सांगणं होतं, पण तुला तो मोठेपणा नको होता. तुला वारा खरा करून हवा होता.

पुढे मी पालघरच्या शाळेत खेळाची बाई झाले आणि तू बोईसरला पॅकिंगमध्ये लागलीस. यात अन्याय होता का? होता. जिल्ह्याबाहेरच्या स्पर्धेला जायचं ठरलं, तेव्हा तुझ्या घरचे भातलावणीत होते म्हणून तू राहिलीस, आणि पुढच्या वर्षी तुझं लग्न झालं होतं. तू कधी कुरकुरली नाहीस. कुरकुरली असतीस तर मला बरं वाटलं असतं. तू फक्त मैदानाची चौकशी करायचीस, थाळीचं वर्तुळ कुठे आखलंय, वारा कुठून येतो.

आपलं शेवटचं बोलणंही त्यावरच झालं. शाळेच्या स्पर्धा होत्या. मी वर्तुळ असं आखलं होतं की वारा पोरींच्या पाठीशी राहील, त्यांना मदत होईल. तुला फोनवर सांगितलं तर तू म्हणालीस, "सुलू, तू बाई झालीस पन अक्कल नाय आली. उलट कर ते." मी म्हटलं, उलट बाजूला कंपाऊंडची भिंत आहे. तू म्हणालीस, "मंग भिंत पाड." आपण ठरवलं, एका रविवारी केळव्याला जायचं, दोरी घेऊन, कायमचा निकाल लावायचा. तुझी त्या रविवारी डबल ड्युटी निघाली. पुढच्या रविवारी मला निवडणुकीचं प्रशिक्षण. मग राहिलंच.

कंपनीच्या त्या कागदावर सरकारी सुनावणी लागली, तिला मी प्राचीबरोबर गेले. सरकारी निरीक्षक साहेब, कंपनीचे सेफ्टीवाले साहेब आणि आम्ही दोघी. सेफ्टीवाला माणूस वाईट नव्हता, खरं सांगते. त्याने प्राचीला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग नकाशा पसरून शांतपणे सांगू लागला. झाकण धरून ठेवणारी लोखंडी रिंग जड, तीसुद्धा, ढीग करणाऱ्या त्यांच्या माणसांच्या सांगण्याप्रमाणे, ड्रमपासून थोड्याच अंतरावर सापडली. झाकण रिंगपेक्षा हलकं, नुसता पत्रा. त्या दुपारी वारा समुद्राकडून, म्हणजे स्टँडकडून शेडकडे वाहत होता, जोरात. "आता सांगा साहेब, जड वस्तू जवळ पडली आणि हलकी वस्तू वाऱ्याच्या उलट, छपरावरून, स्टँडपर्यंत गेली? साधा भुसा उडवून बघा. बाईंना झाकण लागलं हे खरं, पण ते ड्रमच्या जवळच लागलेलं असणार."

भुसा म्हणाला तो. जयवंती, तो माणूस माझंच बोलत होता. शब्द न् शब्द माझा, किनाऱ्यावरचा. ज्या गोष्टीवरून मी तुला आयुष्यभर हसले, तीच आता तुझ्या नावावर शिक्का मारायला निघाली होती. आणि तिथे उत्तर द्यायला तू नव्हतीस.

मी उभी राहिले. म्हटलं, साहेब, झाकण भुशासारखं उडत नाही. ते फिरतं. फिरतं म्हणून आडवं राहतं आणि आडवं राहतं म्हणून समोरच्या वाऱ्यावर बसतं. रिंगला नुसती कड आहे, मधे पोकळ, वाऱ्याने धरायचं कशाला? ती गडबडा लोळत जवळ पडणारच. वजन एकटं काही ठरवत नाही, आकारही बघावा लागतो. निरीक्षक साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही कोण?" मी म्हटलं, खेळाची शिक्षिका. "दाखवता येईल?" आणि मी हो म्हणून बसले. प्राचीने माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं की मला थाळी येत नाही. तूच सांगितलेलं असणार, हसत हसत.

मग मी रोज संध्याकाळी किनाऱ्यावर गेले. शाळेतली थाळी आणि भंगारवाल्याकडून आणलेलं एक तसलंच झाकण. मुंबईची मंडळी घोडागाडीत बसून फोटो काढत होती, आणि त्यांच्यापुढे एक जाडी, पिकल्या केसांची बाई समुद्रावर पत्रा फेकत होती. झाकण वर चढायचं, उभं राहायचं, परत यायचं. एकदा तर थेट माझ्या पोटरीला येऊन लागलं. एक पोरगा म्हणाला, "आंटी, फ्रिस्बी ले लो ना." मी वाळूत बसून रडले. तुझ्यासाठी मी नीट रडले ती तेव्हा, तुझ्या बाराव्याला नाही. रडले कारण तुझं सगळं ज्ञान तुझ्या मनगटात होतं आणि ते मनगट आपण जाळून आलो होतो.

भाताचा टोप मी घरी जाऊन खरोखर चुलीवर ठेवला. झाकण उचलायचं, ठेवायचं, उचलायचं, ठेवायचं. वाफ हाताला लागते म्हणून आपण तळवा आपोआप वरून धरतो आणि पुढची कड आधी टेकवतो. नाक खाली. इतकी वर्षं तू सांगत होतीस आणि मला वाटायचं तू चेष्टा करतेस.

बोईसरच्या एका मैदानावर ते सगळे आले. वारा अंगावर थडाथडा येत होता. सेफ्टीवाल्याने कारखान्यातलंच, त्याच मापाचं झाकण आणि रिंग आणली होती. प्राचीला मी येऊ नकोस म्हटलं होतं, ती आलीच. आधी मी रिंग फेकली, वाऱ्याच्या तोंडावर, सगळा जीव लावून. ती वेडीवाकडी डुलत गेली आणि जवळच आदळली. मग वारा पाठीशी घेऊन झाकण फेकलं. वाऱ्याने ते दाबलं आणि ते पोट वर करून पडलं. मग तोंड फिरवलं आणि वाऱ्याच्या तोंडावर फेकलं. ते चढलं, उभं राहिलं आणि माघारी आलं. "बघा," सेफ्टीवाला म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता, सुटल्याचा होता.

मी म्हटलं, अजून एकदा. हात झाकणावर वरून ठेवला. ढकलायची इतकी जुनी सवय, खांदा आपण होऊन वर जात होता, त्याला मी आत दाबून धरलं. सोडेपर्यंत तळवा उचलला नाही.

जयवंती, ते गेलं. बुटकं गेलं, जमिनीला धरून, आणि मग वाऱ्याने त्याला खालून हात दिला. पडायची वेळ झाली तरी ते पडेना. सगळे जण त्याच्याकडे बघत होते आणि ते पुढे पुढे जात होतं, सावकाश, घारीसारखं, मघाच्या सगळ्या खुणा मागे टाकून. आणि मला आनंद झाला नाही. कारण तेव्हा कळलं की त्या दुपारी तुझ्याकडे काय येत होतं.

निरीक्षक साहेबांनी स्वतः टेप धरला. मला पुन्हा फेकायला लावलं, पुन्हा गेलं. ते सेफ्टीवाल्याला म्हणाले, "बाईंच्या हातानं एवढं जातं, मग ड्रमच्या दाबानं किती जाईल?" त्याने मान डोलावली. कागदावरची ओळ खोडली गेली. मयत कामगार सुट्टीनंतर स्टँडवर असताना झाकण लागून मृत्यू, असं आता लिहिलंय. ड्रम उन्हात का ठेवला होता, हेही मी विचारलं. "तो वेगळा मुद्दा आहे, मॅडम," असं उत्तर मिळालं. गेल्या आठवड्यात मी त्या रस्त्याने गेले तेव्हा ड्रम अजून उन्हातच होते. हे तुला गोड करून सांगण्यात काही अर्थ नाही.

मैदानावरून सगळे निघाले तरी प्राची झाकण पडलं होतं तिथेच उभी राहिली. मी जवळ गेले. ती म्हणाली, "मावशी, याचा आवाज नाय आला."

"नाही येत," मी म्हटलं.

"आई उकडतं म्हनून वाऱ्याकडं तोंड करून बसायची. शेडकडं पाठ." तिने वाकून झाकण उचललं. "मग तिला कळलंच नसंल ना?"

"नाही कळलं, बाळा." मला खरंच तसं वाटतं. हे तिला बरं वाटावं म्हणून म्हटलेलं नव्हतं.

घरी येऊन हे लिहायला बसले, कारण निकाल लागला आणि तो तुला सांगायला कुणीतरी हवं. भाऊजींना यातलं काही कळत नाही, प्राचीला एवढ्यात यातलं काही ऐकायचं नाही. तेव्हा तूच ऐक. उतार नव्हता. दंडातला जोरही नव्हता. वारा होता. तू पहिल्या दिवसापासून बरोबर होतीस, मी चार लोकांसमोर तोंडाने कबूल केलं, आणि ते तुझ्यासाठी केलं, तुला कायमचं बरोबर ठरवण्यासाठी. पण मनातून मी अजूनही तुझ्याशी भांडतेय, गो. मला हरायचं नव्हतं. मला यातलं एकसुद्धा वाक्य खरं व्हायला नको होतं. माझंच खरं असतं, तर त्या दुपारी खाऱ्या वाऱ्याने ते झाकण शेडच्या पत्र्यावर परत टाकलं असतं, आणि तू रिक्षात बसून घरी गेली असतीस.